वरच्या धरणामुळे गेलेली खाडीकाठची पाणथळ परत आणायची आहे, सुरुवात कुठून करावी?

मळेकाठ

नमस्कार. जागा राजापूर तालुक्यातली, खाडीच्या अगदी वरच्या टोकाची, भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथली. साधारण ४ हेक्टर सखल जमीन. पूर्वी इथे नदीचं गोडं पाणी आणि खाडीचं खारं पाणी मिसळायचं. त्यामुळे लव्हाळा, केवडा, समुद्रफळ आणि खाडीच्या अंगाला काजळा, मारांडी असं सगळं होतं. पावसाळ्यात कोलंबी, बोयरं, जिताड्याची पिल्लं आत यायची. वर आठ-नऊ किलोमीटरवर मातीचं धरण झालं आणि त्यानंतर हळूहळू सगळं उतरणीला लागलं. केवडा वाळला, समुद्रफळाची जुनी झाडं उभ्या उभ्या मेली. मधल्या भागात उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर धरतो, कडेला मोरस पसरली आहे.

खाडीच्या बाजूने खारं पाणी अडवणारा जुना खारबांध आहे. त्यात ९०० मिमीच्या दोन सिमेंट पाइपांची उघाडी (बांधातून पाणी जायची वाट). एक पाइप गाळाने बुजलाय, दुसऱ्याची झडप अर्धवट मोडली आहे. आत कित्येक वर्षं भात होत नाही. जमीन सामायिक, पण खातेदार राजी आहेत. ग्रामपंचायतीकडे थोडा निधीही आहे. बऱ्याच जणांचा आग्रह आहे की येत्या पावसाळ्यात कांदळाची रोपं लावून मोकळं व्हावं. चालेल का? आणि धरणातून पाणी मागायचं तर किती, कधी?

गाळमापी

रोपांचा विषय तूर्त बाजूला ठेवा. आधी धरणाने नेमकं काय अडवलंय ते ठरवा, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

कोकणात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. आपली लहान-मध्यम धरणं बहुधा जुलैतच भरतात आणि सांडव्यावरून वाहू लागतात. म्हणजे भर पावसाळ्यातला पूर तुमच्यापर्यंत पोचतोच. जातं ते दुसरंच. एक, जूनचा पहिला लोंढा. खाडीत साठलेलं मीठ तो ढकलून बाहेर काढायचा, आता तो रिकाम्या जलाशयात जिरतो. दोन, दिवाळीनंतरचा नदीचा बारीक वाहता प्रवाह. तीन, गाळ. तो बराचसा जलाशयाच्या तळाला बसतो आणि सांडव्यावरून त्या मानाने स्वच्छ पाणी येतं. देशावरच्या धरणांबद्दल वाचलेलं 'पूरच बंद झाला' हे गणित इथे जसंच्या तसं लावू नका. वाशिष्ठी आणि कुंडलिका यांचे दाखलेही लावू नका. तिथे अनुक्रमे कोयनेचं आणि भिऱ्याचं वीज तयार करून सोडलेलं पाणी वर्षभर येतं, त्यामुळे उन्हाळ्यात गोडं पाणी उलट वाढलेलं आहे.

आता मोजणी. नोव्हेंबर ते मे, महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), भरती पूर्ण चढून पाणी थबकतं त्या वेळी. जागा तीन घ्या: तुमच्या बांधाजवळ, एक किलोमीटर खाली आणि भरती जिथे संपते तिथे. प्रत्येक ठिकाणी वरचं आणि तळाचं पाणी वेगळं. खारं पाणी जड, ते तळाने चढतं. फक्त वरचं मोजलं तर सगळं गोडंच दिसेल. तळाचं घ्यायला बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा आणि तळाला टेकल्यावर बूच ओढा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) हजारात ५ भागांच्या वर ठीक चालतो, त्याखाली भरवसा नाही. तिथे ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा) लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप मात्र खाडीतलं नाही, तुमच्या मातीतलं. पांढरा थर धरतो त्या जागी ३० सेंमी खोल भोक पाडा, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करा, झिरपलेलं पाणी एकदा उपसून टाका आणि दुसऱ्यांदा भरलेलं मोजा. समुद्राचं पाणी साधारण ३५ असतं. भोकातलं पाणी त्याहून खारं निघालं तर ते मीठ नुसतं खाडीतून आलेलं नाही, तिथेच आटून साठलेलं आहे. मग अर्धा दोष धरणाचा आणि अर्धा तुमच्या बुजलेल्या पाइपाचा. आकडे आल्यावर सांगा.

मळेकाठ

जानेवारीअखेरचे आकडे (हजारात भाग): भरतीच्या टोकाशी वरचं पाणी उधाणाला १२, भांगाला ८. बांधाजवळ उधाणाला वर १४, तळाला २१. आणि पांढऱ्या भागातल्या भोकात ५२.

गाळमापी

मग चित्र स्पष्ट आहे. जानेवारीतच टोकाशी १२ म्हणजे उन्हाळी प्रवाह जवळपास संपलाय, मेपर्यंत तो आकडा आणखी चढणार. हे धरणाचं काम. पण ५२ हे बांधाने केलंय. उधाणाचं पाणी मोडक्या झडपेतून आत शिरतं, बाहेर पडायला वाट नाही, उन्हाने आटतं आणि मीठ मागे राहतं. दर पंधरवड्याला हेच. धरणातून कितीही पाणी आणलंत तरी हे ५२ आपोआप उतरायचं नाही. पहिला खर्च उघाडीवर करा.

उघाडी_पेण

वरच्याशी पूर्ण सहमत. बांधाचं मी सांगतो.

खारबांधाची झडप एकतर्फी असते. ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडते, भरतीला मिटते. भातासाठी ते बरोबर आहे. पाणथळीला पाणी दोन्हीकडून खेळतं हवं, म्हणून झडप दुरुस्त करून भागणार नाही, तोंडच बदलावं लागेल.

तोंड किती मोठं? इथे नेहमी चूक होते. ४ हेक्टरवर उधाणाला सरासरी ४० सेंमी पाणी चढवायचं म्हणजे १६,००० घनमीटर. लोक हे सहा तासांवर वाटतात आणि छोटा आकडा काढतात. पण तुमची जमीन उंच आहे, पाणी तिथवर पोचतं ते भरतीच्या शेवटच्या दोनेक तासांत. म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ घनमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला ०.७ मीटरच्या वर गेला की तोंडाची माती खरवडायला लागते, तेव्हा ३.२ चौरस मीटर वाट हवी. ९०० मिमीच्या एका पाइपाचं तोंड ०.६४ चौरस मीटर. तुमचे दोन्ही पाइप साफ केले तरी गरजेच्या ४० टक्केच. आत पाणी कमी चढेल, पाइपात वेग वाढेल, बाहेरच्या टोकाला खड्डा पडेल आणि एखाद्या उधाणाला तिथूनच बांधाला खांड जाईल. पाच पाइप टाकण्यापेक्षा ४ मीटर रुंदीचं उघडं तोंड करा, त्यातून ८० सेंमी पाणी गेलं की हिशेब बसतो.

तोंडाच्या दोन्ही अंगांना काँक्रीटची भिंत, मध्ये दोन खांब, त्यांत फळ्या बसवायच्या खाचा. फळ्या १५ सेंमी उंचीच्या, म्हणजे पाण्याची पातळी तेवढ्या टप्प्याने कमीजास्त करता येते. खाचेत प्रत्येक बाजूला १ सेंमी मोकळीक ठेवा. लाकूड फुगतं आणि ऐन वेळी फळी निघत नाही. बोल्ट, कड्या एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलच्या, साधं गॅल्व्हनाइज्ड लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही. तळाला आत-बाहेर ३-३ मीटर काळ्या दगडाची पिचिंग (दगडी अस्तर), दगड ३० सेंमीच्या आसपासचे. जांभ्याचे चिरे स्वस्त पडतात म्हणून वापरू नका. तारेच्या जाळीतली दगडभरणीही नको, तार गंजली की दगड सुटतात.

कामाचा क्रम उलटा करू नका. आधी आतल्या चऱ्या, मग तोंड, शेवटी बांध कापणं. चऱ्या नव्या सरळ खणायच्या नाहीत. गुगल अर्थवरची जुनी छायाचित्रं उन्हाळ्यातली निवडून बघा, जुन्या वहाळाची नागमोडी रेघ ओल्या-गडद पट्ट्यासारखी दिसते, तीच उकरा. चरीचा तळ तोंडाकडे उतरता हवा आणि आतल्या सगळ्यात सखल डबक्यापेक्षा खाली, नाहीतर ओहोटीला तिथे पाणी अडकतं आणि पुन्हा तेच मीठ. उतार बघायला गवंड्याची पाण्याची नळी पुरेशी आहे. निघालेली माती चरीच्या काठाला सलग रचणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. तो नवा बांधच होतो, चरीतलं पाणी बाजूला पसरतच नाही. माती १० सेंमीपेक्षा पातळ पसरा किंवा आतल्या बांधाला वापरा.

बांध कापायचा तो पावसाळ्याबाहेर, भांगाच्या ओहोटीला. पुढचे सात-आठ दिवस पाणी रोज थोडं थोडं जास्त चढत जातं, चऱ्यांना रुळायला वेळ मिळतो. उधाणाला कापलात तर पहिल्याच भरतीला तोंड ओरबाडलं जाईल.

तिवर_चिपी

मळेकाठ, ५२ च्या मातीत कांदळ लावलात तर एक पावसाळा हिरवा दिसेल आणि फेब्रुवारीपासून जळायला लागेल. शिवाय कांदळ ही तुमच्या जागेतली मुख्य झाडी नव्हतीच. तुम्ही लिहिलेली यादी, केवडा, समुद्रफळ, काजळा, ही कमी खाऱ्या पाण्याची आहे. तीच परत आणायची तर आधी माती धुवायची.

ते पावसावर होतं. ४ हेक्टरवर ३००० मिमी म्हणजे १ लाख २० हजार घनमीटर गोडं पाणी त्या जागेवरच पडतं. खारेपाटात भातासाठी जे करतात तेच करा. जूनमध्ये फळ्या घालून १५-२० सेंमी पावसाचं पाणी तुंबवा, तीन-चार दिवस मुरू द्या, ओहोटीला फळ्या काढून सगळं सोडा, पुन्हा तुंबवा. मात्र मधल्या भागात चऱ्यांच्या फांद्या पोचलेल्या हव्यात, नाहीतर मीठ विरघळतं आणि जागच्या जागी खाली बसतं. जुलैच्या मध्यापासून फळ्या पूर्ण काढून टाका. तोवर खाडीच गोडी झालेली असते आणि बोयरं-कोलंबीची पिल्लं आत शिरायची वेळ असते, ती वाट बंद ठेवायची नाही.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा काही लावू नका. काजळा, तिवर या खारफुटीच्या झाडांच्या बिया पाण्यावर तरंगत येतात, खाडीत वर-खाली आईझाडं असतील तर जागा स्वतःच भरते. ऑक्टोबरमध्ये १० बाय १० मीटरचे पाच-सहा चौकोन आखून रोपं मोजा. चौरस मीटरला एखादं रोप असलं तरी लावणीची गरज नाही. फारच विरळ असेल तर खालून काजळ्याच्या वाकड्या शेंगा आणि तिवराच्या बिया गोळा करून चढत्या भरतीवर सोडा. भरतीचं पाणी त्यांना योग्य उंचीवर नेऊन ठेवतं, ते आपल्याला दोरी लावून जमत नाही.

लव्हाळा ढेकळासकट आणून लावावा, २० सेंमीचं ढेकूळ, दीड-दोन मीटर अंतरावर. तो गाळ धरतो, म्हणून पहिला. केवडा आणि समुद्रफळ सगळ्यात आतल्या, डोंगराकडच्या कडेला, जिथे मार्चपर्यंत झऱ्याचा ओलावा असतो. भोकातलं पाणी मार्चमध्ये १० च्या खाली आलेलं दिसल्याशिवाय ते लावू नका. कांदळ लावायचाच असेल तर तोंडाबाहेर खाडीच्या काठाला एक ओळ. शेंग पिकल्याची खूण म्हणजे फळाखाली दिसणारं पिवळसर कडं. ते नसेल तर शेंग कच्ची. १०-१५ सेंमी खोवायची, जास्त खोल नाही.

आणि खाडीतल्या उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर काहीही लावू नका. तो ओसाड वाटतो, पण हिवाळ्यात येणारे चिखलपक्षी, तिसऱ्या, निवट्या यांचं सगळं तिथेच आहे. शिवाय तो मध्यम समुद्रपातळीच्या खाली असतो. रोपं फार वेळ बुडून राहतात, त्यांच्यावर बार्नकल (चिकटून वाढणारे कवचाचे जीव) चढतात आणि ती आडवी होतात.

दोन वर्षं म्हशी आत येऊ देऊ नका. कोवळा तिवर त्या आवडीने खातात.

नदीखोरं

धरणाच्या पाण्याबद्दल. जानेवारी ते मे सतत सेकंदाला १०० लिटर मागितलेत तर दिवसाला ८,६४० घनमीटर, पाच महिन्यांत साधारण १.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). हा आकडा ऐकून कार्यालयात लगेच नकार येऊ शकतो, आणि एवढं सतत लागतही नाही. तुमच्या जमिनीवर पाणी चढतं ते फक्त उधाणाच्या दिवसांत. तेव्हा मागणीही तशीच करा. प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला तीन दिवस, सेकंदाला ३०० लिटर. पाच महिन्यांत दहा खेपा, एकूण ०.७८ दलघमी. पाणी कमी लागतं आणि जेव्हा उपयोगाचं तेव्हा तिप्पट जोराने येतं. भरतीने अडवलेलं हे वरचं गोडं पाणीच तोंडातून आत पसरतं.

वेळ जुळवणं हा खरा कस. तिथीला पाऊणने गुणलं की समुद्राच्या तोंडाशी भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीच्या टोकाला ती त्याहून उशिरा येते, किती ते तुम्हीच घड्याळ लावून ठरवा. धरणापासून तुमच्यापर्यंत पाणी यायला लागणारा वेळ पहिल्या खेपेला मोजा. पहिल्या खेपेचं बरंच पाणी कोरड्या पात्रात आणि डोहांत जिरेल, त्यावरून योजना फसली असं ठरवू नका. २०१४ मध्ये कोलोराडो नदीच्या मुखाकडे सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडलं होतं, त्यातलं पुष्कळ वाळूतच मुरलं. पुढच्या वेळी त्यांनी ते कालव्यांतून थेट पाणथळीच्या जागांवर नेलं. तुमच्या धरणाचा कालवा जवळून जात असेल तर त्याच्या शेवटच्या टोकातून पाणी घेणं नदीपेक्षा परवडेल.

मधले कोल्हापूर पद्धतीचे (फळ्या घालून पाणी अडवणारे) बंधारे बघा. सोडलेलं पाणी आधी ते भरतात आणि तुमच्याकडे काही येत नाही. त्या त्या गावाशी बोलून एका गाळ्याच्या वरच्या दोन फळ्या काढून ठेवाव्या लागतील. त्यांना पाणी उरतंच, फक्त वरचा थर पुढे जातो.

मागणी उन्हाळ्यात करू नका. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचं नियोजन होतं. त्याच्या आधी ग्रामसभेचा ठराव, तुमचे क्षारतेचे आकडे आणि खेपांच्या तारखा असं पत्र कार्यकारी अभियंत्यांकडे द्या आणि विषय कालवा सल्लागार समितीपुढे ठेवायला सांगा. नद्यांत पर्यावरणासाठी काही प्रवाह राखावा हे २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत आहे, त्याचा उल्लेख करा. धरणाच्या मागच्या काही वर्षांच्या मेअखेरच्या साठ्याचे आकडे मिळवा. कोकणात कालवे अपुरे असल्याने पुष्कळ ठिकाणी पाणी मेअखेर पडून असतं. तसं दिसलं तर तुमची बाजू भक्कम झाली.

जूनसाठी वेगळी विनंती: पहिल्या आठवड्यात जेवढं पाणी येईल तेवढं विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडायच्या दाराच्या) क्षमतेइतकं पुढे सोडावं. धरण जुलैत भरणारच असेल तर यात त्यांचं काही जात नाही. सेनेगल नदीवर १९८६ मध्ये डियामा धरण झाल्यावर मुखाजवळची पाणथळ मिठाने करपली. पुढे पुराच्या हंगामात दरवाजांतून ठरवून पाणी सोडायला लागल्यावर मॉरिटानियातल्या डियावलिंग उद्यानात गवत, मासे, पक्षी परतले. मोसम साधणं तिथेही निर्णायक ठरलं.

एक धोका. मेमध्ये तळाच्या विमोचकातून येणारं पाणी काळपट, सडक्या अंड्याच्या वासाचं असू शकतं, त्यात प्राणवायू नसतो. दरवाजा एकदम उघडला तर खाली मासे मरतात. पहिल्या दिवशी थोडा, मग टप्प्याटप्प्याने.

उघाडी_पेण

गाळाचं राहिलंच. बांबू आणि फांद्यांच्या कुंपणाने गाळ धरायची पद्धत बरेच जण सुचवतात. आपल्याकडे खाऱ्या पाण्यातला किडा बांबू आतून पोखरतो, मग एखाद्या उधाणाला ते ढासळतं.

गाळमापी

कुंपण टिकतं की नाही हा नंतरचा प्रश्न. पाण्यात गाळ आहे का ते आधी बघा. सप्टेंबरमध्ये आतल्या बाजूला दहा-बारा ठिकाणी फरशीचे तुकडे जमिनीच्या पातळीला पुरून ठेवा आणि वर्षाने सळईने वरचा थर मोजा. ५ मिमीच्या आसपास बसत असेल तर कुंपणाशिवायच काम चाललंय. काहीच बसत नसेल तर कुंपण घालूनही काय अडवणार? तेव्हा खाडीत ड्रेजरने वाळू उपसा चालू आहे का तेही तपासा. पात्र खोल झालं की खारं पाणी वर चढतं आणि काठ ढासळतात, मग धरणाचं पाणी मिळूनही फरक दिसत नाही.

मळेकाठ

खूप आभार, सगळ्यांचे. दोन शंका. आतल्या बाजूला दीडशे मीटरवर पिण्याच्या दोन विहिरी आहेत, तोंड उघडल्यावर त्या खाऱ्या होतील अशी भीती आहे. आणि परवानगी कोणाची लागते?

नदीखोरं

परवानगी आधी. भरती-ओहोटीची जागा म्हणजे सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र), त्यामुळे महाराष्ट्र किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज लागेल. पाणथळींचे २०१७ चे नियम सीआरझेडमधल्या जागांना लागू नाहीत, तिकडे वेळ घालवू नका. बांध शासकीय खारभूमी योजनेतला आहे की खाजगी, हे खारभूमी विकास विभागाकडून लेखी घ्या. योजनेतला असेल तर त्यांच्या संमतीशिवाय मातीची एक पाटीही हलवायची नाही. आणि चरीच्या वाटेत तिवर उभा असेल तर चर वळवा, झाड तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश कांदळवनाच्या बाबतीत फार कडक आहे, हेतू चांगला होता हे कारण चालणार नाही.

उघाडी_पेण

विहिरींसाठी आतला बांध घाला, चऱ्यांच्या मातीचाच. माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या खुणेपेक्षा ६० सेंमी वर, पाण्याकडचा उतार तीनास एक, आतला दोनास एक, आणि मध्ये चिकणमातीचा गाभा जमिनीखाली अर्धा मीटर नेलेला. त्याच्या मागे उथळ चर खणा म्हणजे झिरप विहिरीकडे न जाता चरीत येईल. तोंड उघडायच्या आधी एक उन्हाळा दोन्ही विहिरींचा ईसी दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवा, नाहीतर नंतर खारेपणा नवा की जुना यावर गावात भांडण होईल. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिग्रॅपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ईसी मीटरवर ही वरची मर्यादा साधारण ३००० मायक्रोसीमेन्सला येते. एखादी विहीर एप्रिलमध्ये १५०० च्या वर चढताना दिसली की फळ्या दोन टप्पे वाढवा आणि त्या उधाणाचं पाणी आत कमी घ्या. फळ्यांची चावी पंचायतीत नाही, विहिरीशेजारच्या घरात ठेवा.